परदेशी गाय बघण्याची योग्य पद्धत

स्वित्झर्लंडला निघताना सर्वांत आधी बॅगेतला खाऊ मोजून घ्या. खाकरा, चिवडा, गूळपोळ्या, मेतकूट आणि तीन पिशव्यांत गुंडाळूनही तेल सोडणारा ठेचा, एवढं हवंच. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या नाश्त्याला चीजचे सात प्रकार मांडलेले दिसले, की ‘आपल्याला काही हे मानवत नाही बुवा’ असं शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणा. गावी जाताना मात्र त्याच बॅगेत पास्ता आणि नूडल्सची पाकिटं भरा. मुलांना भाकरी चालत नाही, हे चुलतीला फोनवर आधीच कळवून ठेवा. ती बिचारी दळण आणून बसलेली असते.

आता निसर्ग. लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाख नावाचा धबधबा आहे. २९७ मीटरवरून पाणी सुटतं आणि खाली पोचेपर्यंत त्याचा निम्मा धूर होतो. नावाचा अर्थच मुळी ‘धुळीचा ओढा’. १७७९ साली गटे हा जर्मन कवी इथे आला आणि हे पाणी बघून त्याला कविता सुचली. त्याच्या हातात मोबाइल नव्हता, म्हणून हा प्रसंग ओढवला. तुमच्यावर तो येणार नाही. टूर मॅनेजरने वीस मिनिटं दिलेली असतात. त्यातली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि तिथल्या एका फ्रँकचे रुपये किती झाले, या हिशेबात जातात. उरलेल्या आठांत धबधब्याकडे पाठ करून उभं राहायचं. डोक्यावर तुषार पडले तर ‘अहाहा’ म्हणा. स्विस तुषार आहेत.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या पठारावर पावसाळ्यात पाणी कड्यावरून खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने उलटं वर फेकलं जातं. मागे पवनचक्क्या, पुढे धुकं, आणि तुमच्याच जिल्ह्यातला पाऊस खालून येऊन तोंडावर आपटतो. इथे मात्र ‘अहाहा’ म्हणू नका. ‘काय चिखल आहे!’ एवढं पुरे. गाडी जरा रस्त्यात आडवी लावा, दारं उघडी टाकून गाणी लावा. स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेटचा एवढासा कागद चार तास खिशात सांभाळलेला तुमचा हात इथे मोकळा सुटू द्या. मक्याचं कणीस खाऊन झालं, की त्याच हाताने बुरखुंडा दरीत भिरकवा आणि ‘आपल्याकडे लोकांना शिस्तच नाही’ असं म्हणत गाडीत बसा.

लाउटरब्रुनेनच्या वरच्या अंगाला वेंगन गाव आहे. तिथे गाड्यांना मज्जाव, वर जायचं तर दातेरी चाकांची रेल्वे. किती शांत, नाही? तुमच्या गावात यष्टी दिवसातून दोनदा येते, तीही वेळेवर नाही, आणि एरवी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. ही शांतता नव्हे. याला मागासलेपण म्हणतात.

तिकडच्या खेड्यांत शेताच्या कडेला छोटा फ्रिज दिसेल. आत दूध, अंडी, चीज; बाजूला पैशांचा डबा; मालकाचा पत्ता नाही. जे हवं ते घ्या, पैसे टाका, चालू लागा. याचा फोटो काढलाच पाहिजे, आणि खाली ‘आपल्याला इथवर यायला अजून दोनशे वर्षं लागतील’ असं लिहा. गावी तुमची गाडी दारात लागली, की पलीकडची आजी पदरात शेवग्याच्या शेंगा घेऊन येते. वर चार लिंबंही देते. पैसे काढलेत तर रागावते. याचा फोटो काढून उपयोग नाही. यात डबाच नाही.

राहता राहिली गाय. सप्टेंबरच्या सुमारास आल्प्समधल्या उंच कुरणांवरून गुरं खाली गावात आणतात. गाईंच्या डोक्यावर फुलांचे तुरे, गळ्यात कळशीएवढ्या घंटा, मागे गुराखी ठेवणीतल्या कपड्यांत. तुम्ही रस्त्याच्या कडेला दोन तास उभे राहा. सहलीला निघण्याआधी आषाढात गावाकडे बेंदूर होता आणि चुलत्याने ‘येतोस का?’ म्हणून तीनदा फोन केला होता, ते या वेळी आठवू नका. आदल्या दिवशी त्याने बैलांचे खांदे तुपाहळदीने मळले होते. सकाळी ओढ्यावर धुऊन शिंगं रंगवली, झुली घातल्या, आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलांनी खाल्ला. तुम्हाला त्या दिवशी व्हिसाची मुलाखत होती. कारण पटण्यासारखं होतं.

परतल्यावर दिवाळीत गावी गेलात, की गाईंचा व्हिडिओ सगळ्यांना मोठ्या टीव्हीवर दाखवा. चुलता गोठ्यातून हात धुऊन येईल आणि उंबऱ्यातच टेकेल. काही बोलणार नाही. ‘परत लाव’ म्हणेल. दुसऱ्यांदा बघताना पुढे झुकून विचारेल, ‘लेका, येवढी जड घंटा. मान आवघडत नसंल का तिची?’

उत्तर देऊ नका. पुढचा व्हिडिओ लावा, त्यात बर्फ आहे.