फुलपाखराची दुसरी बाजू

फुलपाखराच्या पंखांना दोन बाजू असतात, आणि ओळख पटवायला जी लागते ती नेमकी झाकलेली असते. हा निसर्गनियम कुठे छापलेला नाही, पण रविवारी सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर उकिडवं बसलेल्या कुणालाही विचारा. कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो या दोन काळपट भावंडांतला फरक नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला असतो. पहिल्याला एक पट्टा, दुसऱ्याला दोन. आणि ही मंडळी बसतात ती पंख घट्ट मिटून. याउलट लेमन पॅन्सी समोर येऊन पंख सताड पसरते, सगळी डोळ्यांची नक्षी मांडून दाखवते. तिला ओळखायला कुणाला काही अडचणच नसते.

मला विचाराल तर फुलपाखरांचे फोटो काढायच्या या छंदातलं सगळं दुःख इथंच आहे. सुंदर फोटो वेगळा आणि ओळख पटणारा फोटो वेगळा. सुंदर फोटोत मागे हिरवी धूसर पार्श्वभूमी, तिरपं कोवळं ऊन, एका पंखाचं टोक फोकसमध्ये आणि बाकी सगळं धुक्यात. ओळख पटणारा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा फोटो: सपाट, भावशून्य, या कानापासून त्या कानापर्यंत सगळं दिसणारा. लाइक पहिल्याला मिळतात, नाव दुसऱ्याला.

मुंबईकराची अडचण त्याआधीच, वेळापत्रकापासून सुरू होते. हंगाम म्हणाल तर गणपती गेल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत. पावसाळ्यात रान माजतं, सुरवंट त्यावर पोट भरतात आणि ऊन पडू लागलं की नवी फुलपाखरं बाहेर येतात. दिवसातली वेळ मात्र तोकडी. फुलपाखराला स्वतःच्या अंगची ऊब नसते, उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून साधारण साडेआठ ते साडेदहा ते उन्हाकडे पंख उघडून बसतं. वरची बाजू मिळायची ती याच दोन तासांत. अकराला अंग तापतं आणि मग ते हाती लागत नाही. त्याच सुमाराला मेगाब्लॉकही सुरू होतो, त्यामुळे तुम्हीही घरच्यांच्या हाती लागत नाही. रविवारची गर्दी नको म्हणून कुणी सोमवारी रजा टाकली, तर सोमवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद असतं.

एसी लोकलने जाणाऱ्यांना वेगळी शिक्षा. गार डब्यातून ऑक्टोबरच्या दमट हवेत उतरून लगेच कॅमेरा काढला, की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा धरते. उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं बॅगेची चेन उघडायचीच नाही. तेवढ्या वेळात समोरून काय काय उडून जातं ते मोजू नये. साध्या लोकलमध्ये हा त्रास नाही. तिथे फक्त मांडीवरची बॅग बघून शेजारचा विचारतो, "काय हो, लग्नाच्या ऑर्डरी घेता का?"

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पँट मोज्यात खोचलेली हवी. दिसायला वाईट दिसतं, पण पावसाळा सरल्यावर गवतात गोचिडी असतात आणि त्यांना फॅशनशी देणंघेणं नसतं. त्याहून मोठा धसका खाजकुयलीचा. नोव्हेंबर-डिसेंबरात तिच्या शेंगा वाळतात. त्यांच्यावरची सोनेरी-तपकिरी लव इतकी देखणी असते, की नवखा माणूस आधी तिचाच फोटो घ्यायला वाकतो. शेंगेला हात लावायचीही गरज नसते, वारा ती कामगिरी बजावतो. पानांवरून तरंगत जाणाऱ्या कॉमन सेलर या काळ्या-पांढऱ्या फुलपाखराचे सुरवंट याच वेलीची पानं खातात, तेव्हा सेलरची मादी तुम्हाला बरोबर तिथेच घेऊन जाते. लव लागलीच तर चोळायचं नाही. चोळलं की केस आणखी आत रुततात आणि सगळीकडे पसरतात. चिकटपट्टी लावून उपटायची, मग पाण्याने धुवायचं. सेलोटेपची रीळ बॅगेत ठेवणारा फोटोग्राफर हा अनुभवी फोटोग्राफर समजावा.

आता प्रत्यक्ष फोटो. नव्वद ते एकशे पाच मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइल चालतो. मात्र मोबाइलचा 'मॅक्रो' मोड लावू नका. बहुतेक फोनमध्ये तो वाइड लेन्स वापरतो, म्हणजे फोन फुलपाखराच्या नाकाला टेकवावा लागतो, आणि ते काही तुमची वाट बघत थांबत नाही. दुप्पट-तिप्पट टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, हातभर लांबून घ्या. कॅमेऱ्यात शटर १/५०० किंवा त्याहून जलद, अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, आयएसओ उन्हाप्रमाणे ४०० ते ८००. नव्या लेन्सवाल्यांना एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर फुलपाखरू खऱ्या मापाचं उमटेल इतक्या जवळून, फ्रेम भरून टाकायची हौस असते. एवढ्या जवळून एफ ८ ला फोकसमध्ये येणारी जाडी जेमतेम एक मिलिमीटर असते. डोळा आला तर पंख गेला, पंख आला तर मिशा गेल्या. त्यापेक्षा थोडं मागे या. निम्म्या आकारात एफ ११ ला ही जाडी चार मिलिमीटरपर्यंत जाते. नंतर कापून मोठा करा, कुणी विचारत नाही.

पंख आणि सेन्सर समांतर हवेत, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूने, उघडे असतील तर बरोबर वरून. 'बरोबर वरून' म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कमरेत वाकून, कोपर पोटाला लावून, श्वास रोखून उभं राहायचं. सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही, ती पडली की ते उडालंच. म्हणून सूर्याच्या बाजूने न जाता तिरकं जायचं. पहिला फोटो तीन मीटरवरून उरकायचा, तो फक्त पुराव्यासाठी. मग एक पाऊल, एक फोटो. आणखी एक पाऊल, आणखी एक फोटो. नेमकं शेवटच्या पावलाला मागून आवाज येतो, "काका, काय हरवलंय?" काही नाही म्हटलं तर लोक थांबून बघतात, आणि फुलपाखरू म्हटलं तर आणखी चार जणांना बोलावतात. "साप आहे, जरा लांबून जा," हे उत्तर नैतिकदृष्ट्या वाईट असलं तरी परिणामकारक आहे.

पाठलाग मात्र करू नये. पॅन्सी आपल्या हद्दीत बसते. ती उडाली तरी गिरकी घेऊन त्याच दगडावर परत येते, तेव्हा दगडावर फोकस लावून थांबायचं. टायगर आणि क्रो हवे असतील तर खुळखुळ्याचं झाड शोधा. त्याच्या सुकलेल्या किंवा दुखावलेल्या पानांतली अल्कलॉइड्स शोषायला नर गर्दी करतात, त्यातून ते मादीला भुलवायचा गंध तयार करतात. एकदा त्यात रमले की माणसाकडे ढुंकून बघत नाहीत, तुम्ही हातभर अंतरावर पोचता. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतही क्षार शोषायला असेच घोळके बसतात, त्यातही बहुतेक नरच. नवाब, ब्लॅक राजा या फुलपाखरांची नावं दरबारी असली तरी पसंती सडक्या फळाला, कुजक्या खेकड्याला आणि शेणाला. आमिष म्हणून पिकून काळी पडलेली केळी स्वतःच्या बागेत ठेवावीत, राष्ट्रीय उद्यानात नव्हे. आणि ती लोकलमधून नेऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.

टेल्ड जे नावाचं फुलपाखरू हा सोसायटीवाल्यांचा पाहुणा, कारण त्याचे सुरवंट कंपाउंडमधल्या उंच खोट्या अशोकाची पानं खातात. पन्नास वेळा बिल्डिंगखाली दिसतो, पण मध पितानाही पंख फडफडवणं थांबवत नाही. शटर १/२००० ला घ्या आणि नशिबावर सोडा. ब्लू मॉर्मन उर्फ नीलवंत हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. चांगलं बारा ते पंधरा सेंटिमीटर रुंद, मखमली काळं, त्यावर निळे पट्टे. मानाचं पद मिळाल्यावर जे होतं तेच त्याचंही आहे: ते येतं, वरून जातं, थांबत नाही.

कसाबसा फोटो मिळाला की तोतयांचा प्रश्न येतो. प्लेन टायगर रुईवर वाढतो. रुईच्या चिकातलं विष सुरवंटाकडून फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनाइड एगफ्लायची मादी अंगात असलं काही बाळगत नाही, नुसता वेष तसाच करते. केशरी पंख, काळी टोकं, पांढरा पट्टा, सगळं तंतोतंत. मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतील, मादीला तीन आणि नराला चार, तर तो प्लेन टायगर. मध्य कोरा आणि फक्त वरच्या कडेला एक डाग, तर एगफ्लाय. कॉमन मॉर्मनच्या मादीने तर हद्द केली आहे. ती तीन रूपांत येते. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमसन रोझसारखं. पंख बघून डोकं खाजवत बसू नका, अंग बघा. दोन्ही रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. तुमच्या फोटोत अंग फुलामागे गेलेलं असतं, हा वेगळा मुद्दा.

'ब्लू' म्हणवणाऱ्या निळ्या चिमुकल्या फुलपाखरांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण जास्त बोललं की रक्तदाब वाढतो. कॉमन लाइनब्लूला मागच्या पंखाला केसाएवढी शेपटी असते, टेललेस लाइनब्लूला नसते. सोपं वाटतं ना? पण ही शेपटी मिशांचा आभास करून भक्षकाला फसवण्यासाठीच असते. सरडा तिथेच तोंड मारतो, फुलपाखरू वाचतं, शेपटी जाते. मग शेपटी नसलेलं लाइनब्लू मुळात बिनशेपटीचं की बचावलेलं, यावर जाणकार लोक रात्री बारापर्यंत मेसेज करत बसतात. ग्रास ब्लूंमध्ये पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, सेलमध्ये (पंखाच्या बुडाकडच्या शिरांनी वेढलेल्या मोठ्या कप्प्यात) एक बारीक ठिपका आहे की नाही ते बघायचं. पेल आणि डार्कला असतो, लेसरला नसतो. विषय दोन-अडीच सेंटिमीटरचा, ठिपका त्यातला, आणि वारा सुटलेला.

डार्ट नावाचे नारिंगी-काळे स्किपर, म्हणजे जाड अंगाची चपळ छोटी फुलपाखरं, मात्र स्वभावाने मोकळे. पुढचे पंख उभे, मागचे आडवे धरून बसतात, म्हणजे वरची-खालची दोन्ही बाजू एकाच फ्रेममध्ये आयत्या. पळतही नाहीत. मनासारखे दहा फोटो घ्या. मग कळतं, की पोटँथस या वंशातल्या जाती नुसत्या फोटोवरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. नोंदीत 'पोटँथस' एवढंच लिहून गप्प बसावं. हट्टाने पुढचं नाव लिहिणारे असतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

एवढा अभ्यास झाला की नातेवाइकांत तुमची ख्याती पसरते. प्रत्येक घरात एक मावशी असते आणि तिचा रात्री साडेदहाला फोटो येतो, ट्यूबलाइटशेजारच्या भिंतीवरचा. "हे कुठलं रे फुलपाखरू? किती गोड हिरवं आहे!" मिशांच्या टोकाला फुलपाखराला असते तशी गाठ नाही, अंग जाडजूड, पंख भिंतीला चिकटवून पसरलेले. म्हणजे ओलिअँडर हॉक मॉथ. मावशीचा फोटो हलत नाही, पूर्ण समांतर असतो, मिशांपासून शेपटापर्यंत सगळं स्वच्छ, आणि तोही दहा हजारांच्या मोबाइलवर.

"मावशी, हे फुलपाखरू नाही, पतंग आहे. याचे सुरवंट कण्हेर, तगर, सदाफुली खातात."

"अय्या, म्हणजे माझी तगर खाल्ली ती यांनीच! हिरवी जाडी अळी, डोक्यामागे निळे डोळे?"

"हो, तीच. फवारू नकोस काही."

"नाही फवारत. तू रविवारी येऊन अळ्या घेऊन जा."

"रविवारी मी येऊरला जाणार आहे गं."

"कशाला?"