तीस वर्षं न भरलेली सेप्टिक टँक

भुयारी गटाराचं खोदकाम सुरू झालं की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच: घरजोडणीची सक्ती बेकायदा आहे. आमची टाकी तीस वर्षांत एकदाही भरली नाही, म्हणजे ती उत्तम चालते. जोडायचंच असेल तर टाकीचं आउटलेट गटाराला जोडा, टाकी कशाला बंद करता? आणि शेवटी सगळं नदीतच जाणार आहे. यातला फक्त शेवटचा मुद्दा थोडा खरा आहे.

सक्तीचं आधी उरकतो. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 231 बघा. इमारतीपासून शंभर फुटांच्या आत पालिकेचं गटार असेल, तर मालकाला नोटीस देऊन जोडणी करायला लावता येते. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्यातही मालकाकडून निचऱ्याची सोय करून घेण्याचे अधिकार आहेत. म्हणजे हे कुणा नव्या मुख्याधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं आहे.

आता ती तीस वर्षं न भरलेली टाकी. नीट बांधलेली सेप्टिक टँक वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत आउटलेटपर्यंत भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. मैला खाली बसतो, साय वर तरंगते आणि जेवढं पाणी आत येतं तेवढंच मधलं पाणी बाहेर पडतं. हळूहळू साठतो तो तळाचा गाळ. तो दर दोन-तीन वर्षांनी मैला गाडीने उपसायचा असतो. तीस वर्षं उपसा झाला नसेल, तर गाळाने टाकी व्यापली आहे आणि मैला न थांबता पुढे जातो आहे. नाहीतर टाकीला तळच नाही, नुसता दगड रचलेला खड्डा आहे, आणि सगळं जमिनीत मुरतं आहे. तिसरी शक्यता, आउटलेट मागच्या नाल्यात सोडलेलं आहे. आपल्याकडे हे तिन्ही प्रकार सर्रास सापडतात आणि तिन्हींत मालकाला काडीचा त्रास होत नाही. त्रास शेजारच्या विहिरीला होतो.

चांगल्या टाकीतून बाहेर पडणारं पाणीही शुद्ध नसतं. त्यात रोगजंतू आणि नायट्रोजन भरपूर असतात. पुढचं काम हे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याभोवतालची माती करते. म्हणून सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक 2470 च्या दुसऱ्या भागात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर लांब ठेवायला सांगितलं आहे. दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट घ्या, त्याची एक बाजू साधारण 14 मीटर भरते. आता तुमचा शोषखड्डा आणि शेजाऱ्याची बोअर यांत 18 मीटर कुठून आणणार? शिवाय खाली काळा पाषाण असेल तर पाणी गाळलं जात नाही, भेगांतून सरळ पळतं.

आउटलेट जोडण्याची युक्ती मात्र बऱ्याच प्लंबरांनाही पटते. नेहमीच्या गटारात टाकीतलं कुजलेलं पाणी सोडलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्याच्यापासून पाईपच्या आत तयार होणारं आम्ल काँक्रीट खातं. टाकी उपसायचं कामही तुमच्या मागे राहतंच. टाक्या ठेवून फक्त वरचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक पाईपच्या योजना असतात, पण त्यांचं डिझाइन मुळातच वेगळं. आपल्या योजनेत टाकी वगळून संडासाची लाईन थेट चेंबरला जोडायची. मग टाकी उपसायची, तळ फोडायचा, वाळू किंवा मुरूम भरायचा. रिकामी टाकी तशीच सोडली तर स्लॅब कधीतरी खचतो आणि आत वायू कोंडतो. उपसायला माणूस उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली.

राहिली नदी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत रोज 7,236.8 कोटी लिटर मैलापाणी तयार होतं आणि प्रक्रिया होते 2,023.5 कोटी लिटरवर. इथपर्यंत मेसेजवाल्यांचा राग रास्त आहे. पण चालू मैलापाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता 2,686.9 कोटी लिटर होती, म्हणजे तीही पुरती वापरली गेली नाही. घरजोडण्याच झालेल्या नसणं हे त्यामागचं एक ठळक कारण. केंद्र बंद असेल तर पालिकेला जरूर धरा. त्यासाठी टाकी नाल्यात रिकामी करण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

आणि गटार प्रत्येक वस्तीत यायलाच हवं असंही नाही. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी टाक्या ठेवून दर तीन वर्षांनी ठरवून उपसा आणि गाळावर वेगळ्या केंद्रात प्रक्रिया, अशी पद्धत लावली. खर्च करातून, गाडी आल्यावर वेगळे पैसे नाहीत.

माझं भांडण पालिकांशीही आहे, ते वेगळ्या गोष्टीवर. नोटिशीत जोडणीची मुदत असते, जुन्या टाकीबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. केंद्र सुरू झाल्यावरच मुदत मोजायला लागावी, जोडणीचा खर्च घरपट्टीबरोबर हप्त्यांनी घ्यावा आणि मैला गाडीची पावती व बुजवलेल्या टाकीचा फोटो बघूनच जोडणी पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा. गच्चीचं पावसाचं पाणी त्याच चेंबरात सोडलेलं नाही ना, हेही त्याच फेरीत तपासून घ्यावं.