पट्टा खांद्याच्या वर की खाली? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची हरकत मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तर चार ओळींत आटोपत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी ती थोडक्यात सांगतो. तुमचा मुलगा तीन वर्षांचा, वजन 14 किलो, मुलांची कार सीट समोर तोंड करून बसवलेली. सीटच्या पाठीत पट्टे ज्यांतून पुढे येतात त्या खाचांपैकी खालून दुसरीच्या दोन बोटं वर त्याचा खांदा गेलाय. अशा वेळी हार्नेसचे, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणारे, पट्टे तिसऱ्या खाचेत घ्या, असं माझ्या लेखात होतं. तुमचं म्हणणं असं की पुस्तिकेत ‘खांद्याच्या पातळीला किंवा खाली’ असं छापलंय, तिसऱ्या खाचेत घेतल्यावर पट्टे खांद्यावरून घसरायला लागले, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी तिशीच्या वर जातच नाही, तेव्हा हा नुसता बागुलबुवा आहे.

पुस्तिका बरोबर आहे, पण तुम्ही बहुधा मागे तोंड करून बसवण्याचं पान वाचलंय. 0 ते 18 किलोची सीट दोन्ही दिशांनी बसते, आणि पट्ट्याच्या उंचीचा नियम दिशेप्रमाणे उलटतो. पान ओळखायची खूण म्हणजे गाडीच्या बेल्टचा मार्ग. युरोपीय आर 44 मानकाच्या सीटवर निळ्या खुणांचा मार्ग मागे तोंड असताना वापरायचा, लाल खुणांचा समोर तोंड असताना. तुमच्या गाडीचा बेल्ट लाल खुणांतून जातोय, म्हणजे पट्ट्यांचा नियमही लाल खुणांच्या पानावरचाच पाहायचा.

नियम उलटतो त्याचं कारण आहे. मागे तोंड असताना धडक बसली की मूल पाठीवरून वर सरकायला बघतं, म्हणून खांद्याच्या खालून आलेला पट्टा त्याला वरून दाबून धरतो. समोर तोंड असताना मूल पुढे फेकलं जातं. तेव्हा पट्ट्याने खांदे सरळ मागे ओढून धरायला हवेत. खाच खांद्याच्या खाली असेल तर पट्टा खांद्यावरून वळसा घेऊन पाठीवरून खाली उतरतो. त्या वळशात लांबी जास्तीची जाते, धडकेत तीच सैल पडते आणि डोकं तेवढंच जास्त पुढे जातं. शिवाय पट्टा खांद्यांना खाली दाबतो आणि तो दाब मणक्यावर येतो. म्हणून समोर तोंड असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा लगेच वरची खाच. खांदा दोन खाचांच्या मध्ये असेल तर वरचीच.

आता घसरण्याबद्दल. पट्टा घसरतो तो उंचीमुळे नव्हे, सैलपणामुळे. खालच्या खाचेत तो घसरत नाही, कारण खांद्याला वळसा घालून अडकून बसतो. म्हणजे सैलपणा तिथेही असतो, फक्त दिसत नाही. मुलाचं बूड आधी सीटच्या मागच्या कोपऱ्याला पूर्ण टेकवा, मग बकल लावा. मांडीवरचे पट्टे वर ओढून सैल भाग छातीकडे आणा आणि शेवटी सीटच्या समोरचा, हार्नेस घट्ट करायचा पट्टा ओढा. बहुतेक लोक फक्त शेवटची पायरी करतात, म्हणून मांडीपाशी ढिलाई तशीच राहते. नंतर गळपट्टीच्या हाडाशी पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. घडी पडली तर अजून सैल आहे. खांद्यावरची फोमची कव्हरं फार खाली ओढली गेली असतील तर ती बकलला अडतात आणि पट्टा घट्ट होतच नाही, तेही बघा. पण ती काढून टाकू नका, काही सीटना ती लागतातच. छातीवर पट्टे जोडणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सुट्या मिळतात, त्या घेऊ नयेत. सीटबरोबर आलेली नसेल तर तिची त्या सीटवर चाचणी झालेली नाही.

थंडीचं तर वेगळं सांगायलाच हवं. निफाडकडे पारा उतरला की इकडे सकाळी मुलं जाड जाकीट घालूनच गाडीत बसतात. जाकिटासकट पट्टा घट्ट करा, मग पट्ट्याला हात न लावता बकल सोडून जाकीट काढा आणि पुन्हा बकल लावा. किती सैल होता ते डोळ्यांनी दिसेल. पातळ स्वेटरवर पट्टे लावा आणि शाल वरून पांघरा.

पट्टे बदलताना मात्र घाई नको, कारण चूक बहुतेक इथेच होते आणि समोरून दिसत नाही. सीट गाडीतून बाहेर काढा, मागच्या बाजूचा फोटो घ्या. पुढचं बटण दाबून दोन्ही पट्टे पूर्ण सैल करा. मागे एक धातूची पट्टी असते, तिच्या दोन हुकांत पट्ट्यांची टोकं फासासारखी अडकवलेली असतात. एका वेळी एकच टोक सोडा, दुसरं नमुना म्हणून तसंच राहू द्या. सोडलेला पट्टा पुढून बाहेर ओढा, कापडाच्या वरच्या चिरेतून, मग फोममधून, मग प्लास्टिकच्या सांगाड्याच्या त्याच पातळीच्या खाचेतून मागे न्या. कापडातून तिसरी आणि सांगाड्यातून दुसरी खाच, असं फार होतं. समोरून सगळं बरोबर दिसतं, पण पट्टा दुसऱ्याच खाचेत असतो. म्हणून तपासणी मागूनच. फोमच्या कव्हरची टोकंही मागे अडकवलेली असतात, तीही वर न्या. काही सीटच्या पट्ट्यांना टोकाशी दोन फास असतात. दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाचा फास वापरा, नाहीतर एक पट्टा आखूड राहतो आणि दुसरा घसरतो. तुमची तक्रार एकाच खांद्याची असेल तर आधी हेच बघा. हुकात फास पूर्ण बसला की प्रत्येक पट्टा पुढून जोरात ओढून पाहा आणि पीळ नाही याची खात्री करा.

हेडरेस्टबरोबर पट्टे वर-खाली होणाऱ्या सीटना ही खटपट नाही, पण हेडरेस्ट हलवण्याआधी पट्टे सैल करावे लागतात. नंतर हेडरेस्ट वरून दाबून ते कड्यात बसलंय ना ते पाहायचं. झोपेत मान लवंडते म्हणून ते खाली घेतलं तर पट्टेही खाली येतात.

राहिला वेगाचा मुद्दा. ताशी 30 किमीने चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर 14 किलोच्या मुलाचा पट्ट्यांवरचा सरासरी जोर सुमारे 120 किलो वजनाइतका होतो. शिवाय शहरापुरते पट्टे वेगळे आणि कसारा घाटासाठी वेगळे, असं कोणी करत नाही. वणीला जाताना तीच सीट, तीच खाच. आर 44 मानकात समोरून धडकेची चाचणी ताशी 50 किमीला होते, तीही पुस्तिकेप्रमाणे पट्टे लावून. दुसऱ्या खाचेत तुमची सीट त्या चाचणीतली सीट राहत नाही. तुम्ही सीट घेतली, मुलाला रोज तिच्यात बसवता, हे इथे कितीजण करतात? म्हणूनच ती दोन बोटांच्या फरकाने कमी पडू नये, असं मनापासून वाटतं.

तिसरी खाच तुमच्या सीटची सर्वांत वरची आहे का, तेही बघा. खांदा तिच्याही वर गेला की वजन 18 किलो झालेलं नसलं तरी त्या सीटचा हार्नेस संपला. मग जास्त उंच खाचांची हार्नेसवाली सीट बघावी लागेल. 15 किलोपासूनचा पाठ असलेला बूस्टर (मुलाला गाडीच्याच बेल्टने बांधायची उंच बैठक) मुलाचं वजन तेवढं होईपर्यंत नको. बदल केल्यावरही घसरत असेल तर सीटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, हुकाची पट्टी आणि दोन्ही फास दिसतील असा.