ब्रँड बुडवायचा तर निगुतीनं बुडवा

गाडीची कंपनी बुडवणं काही अवघड नाही. रद्दड गाडी काढा, किंमत चढी लावा, शोरूममध्ये आलेल्या गिऱ्हाइकाकडे ढुंकून बघू नका. चार-पाच वर्षांत शटर आपोआप खाली येतं. कसब लागतं ते लोकांचा जीव जडलेला ब्रँड बुडवायला. तोही असा बुडवायचा, की शेवटी "मार्केटच राहिलं नव्हतं हो" म्हणून हात झटकता आले पाहिजेत. पोरगं एमबीए करतंय म्हणता, उद्या असली जबाबदारी घरात आली तर तयारी हवी. त्यासाठी जनरल मोटर्सनं सॅटर्न या आपल्याच गाड्यांच्या ब्रँडचं काय केलं त्याचा अभ्यास करा. अमेरिकेत झालेलं काम आहे, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर आणि पद्धतशीर झालेलं आहे.

सुरुवात मात्र झोकात करा. 1980 च्या दशकात अमेरिकन माणूस छोटी गाडी घ्यायची म्हटलं की होंडा नाहीतर टोयोटाच्या दारात जाऊन उभा राहायचा. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्या ज्यांनी घेतल्या होत्या, त्यांच्याकडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळणारा सल्ला काही फार उत्साहवर्धक नसे. तेव्हा चेअरमन रॉजर स्मिथ यांनी जानेवारी 1985 मध्ये जाहीर केलं की सॅटर्न नावाची नवी कंपनी काढू. नवा कारखाना, नवी गाडी, नवे विक्रेते, डिट्रॉइटचं, म्हणजे मुख्यालयाचं, वारंही लागायला नको. खर्चाचा आकडा सांगितला 5 अब्ज डॉलर. कारखाना आपल्याकडे यावा म्हणून राज्याराज्यांचे गव्हर्नर गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. त्यातले सात जण तर टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात बसून आपापल्या राज्याची तरफदारी करून गेले. कारखाना मिळाला टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला, शेतीवाडीच्या एका लहानशा गावाला.

आता पुढची चूक तुम्ही करू नका, पण त्यांनी केली: कामगारांना माणसासारखं वागवलं. बाकीच्या जनरल मोटर्समध्ये युनियनबरोबरचा करार शेकडो पानांचा असायचा, सॅटर्नचा 28 पानांत आटोपला. पगाराचा काही हिस्सा बांधलेला, उरलेला गुणवत्ता आणि उत्पादनाच्या उद्दिष्टांवर. मॅनेजर आणि युनियनचा माणूस जोडीनं निर्णय घेणार. 30 जुलै 1990 ला पहिली गाडी कारखान्यातून बाहेर आली तेव्हा तीत स्मिथसाहेब आणि युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर बरोबर होते. मग स्मिथसाहेब लगोलग निवृत्त झाले. हे टायमिंग नोंदवून ठेवा. ज्याच्या डोक्यातली कल्पना, तो घरी गेला की पोराचा वाली कोण, हा प्रश्न आपसूक सुटतो.

गाडी कशी होती? खरं सांगायचं तर बेताची. 1.9 लिटरचं इंजिन चौथ्या गिअरला पोचेपर्यंत पिठाच्या गिरणीशी स्पर्धा करायचं. आत बसलं तर डॅशबोर्डवर प्लॅस्टिक, आणि बाहेर दरवाजे आणि फेंडर तेही प्लॅस्टिकचे! बॉनेट, छत आणि डिकी तेवढी पोलादी. पण त्या प्लॅस्टिकची मजा अशी, की सुपरमार्केटच्या आवारात कोणी सामानाची ट्रॉली आदळली तरी दरवाजा आत दबायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. अमेरिकेत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं भल्याभल्या गाड्यांचे पत्रे कुजतात. सॅटर्नचे दरवाजे मात्र दहा वर्षांनीही जसेच्या तसे. प्लॅस्टिक उन्हात फुगतं म्हणून दोन पॅनेलच्या मध्ये अंतर जास्त ठेवावं लागे. त्या फटी बघून ऑटो पत्रकार नाक मुरडायचे, आणि मालक तीच फट कौतुकानं दाखवायचे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून हातानं फिरवून काढता यायचा, इंजिन ऑइलच्या फिल्टरसारखा. घरच्या घरी गाडी सांभाळणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. तुमचा एखादा मावसभाऊ नव्वदच्या दशकात तिकडे एमएस करायला गेला असेल तर त्याला विचारून बघा. जुनी सॅटर्न घेतली असली तर तो अर्धा तास बोलेल, आणि त्यातली वीस मिनिटं ती किती ऑइल प्यायची यावर जातील. पिस्टनच्या ऑइल रिंगा कार्बननं अडकायच्या आणि ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं. त्यावर मालकांनी काय केलं? मोर्चा काढला? छे. डिकीत ऑइलचे दोन डबे ठेवले आणि गाडी दोन लाख मैल चालवली. असं गिऱ्हाईक हाताशी असणं कोणत्याही कंपनीला परवडणारं नाही, हे आपल्याला पुढे कळेलच.

गिऱ्हाइकाचे लाड करणं हा तर निव्वळ वेडेपणा. सॅटर्नच्या शोरूममध्ये किंमत एकच, घासाघीस नाही. विक्रेत्याला कमिशन नाही, त्यामुळे तो गळ्यात पडत नसे. अमेरिकेत गाडी घ्यायला जाणं म्हणजे दात काढून घेण्याइतकं आनंदाचं काम, तिथे हे. किल्ली हातात देताना शोरूममधली सगळी मंडळी हातातलं काम टाकून गोळा व्हायची, टाळ्या वाजवायची, नव्या गाडीशेजारी मालकाला उभं करून फोटो काढायची. पन्नाशीचा हिशेबतपासनीस लाजून लाल झालेला, मागे सहा-सात अनोळखी माणसं त्याच्यासाठी टाळ्या पिटतायत. तुम्ही हसाल. पण तो माणूस पुढची गाडीही तिथूनच घ्यायचा.

1991 मध्ये पुरवठादाराकडून आलेल्या सदोष कूलंटनं काही गाड्यांची इंजिनं खराब होण्याची वेळ आली. शहाणी कंपनी रेडिएटर धुऊन देते आणि वर बिल लावते. सॅटर्ननं अठराशेच्या वर गाड्या आख्ख्या बदलून दिल्या. असल्या सवयी लावल्या की काय होतं बघा: 1994 च्या उन्हाळ्यात कंपनीनं मालकांना स्प्रिंग हिलला बोलावलं आणि चाळीस हजारांवर माणसं आली. सुट्टी काढून, पोराबाळांसह, आपली गाडी बनते तो कारखाना बघायला! छोट्या सेडानसाठी वारी. त्याच वर्षी विक्री 2,86,000 च्या आसपास गेली, आणि पुढे तो आकडा कधीच ओलांडला गेला नाही.

इथून तुमचं खरं काम सुरू होतं.

एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेच्या हातच्या भाजीचं कौतुक झालं की थोरल्या जावांच्या कपाळाला आठ्या पडतात. शेवरोले, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक हे जनरल मोटर्सचेच जुने ब्रँड; या जावांनी हिशेब मांडला: आमच्या ताटातलं काढून हिला वाढता, आणि ही विकते काय, तर नफा न देणारी छोटी गाडी. हिशेब अगदीच खोटा नव्हता, ही गोष्ट मान्य करून टाका. अर्धसत्याच्या आधारानंच माणसं उपाशी मारता येतात. मग नव्या मॉडेलचे पैसे रोखा. 1990 ची ती पहिली गाडी, म्हणजे एस मालिका, वरवर रंगरंगोटी करून 2002 पर्यंत खेचा. टाळ्या घेऊन गाडी नेलेल्या त्या जोडप्यांना आता दोन-दोन मुलं झालीत, त्यांना मोठी गाडी हवीय, ते शोरूममध्ये येऊन विचारतायत, आणि तुमचा सौजन्यमूर्ती विक्रेता म्हणतोय, "आमच्याकडे तीच आहे." ते कुठे गेले? होंडा आणि टोयोटाकडे. म्हणजे ज्यांच्यापासून गिऱ्हाईक परत आणायला 5 अब्जांची भाषा केली होती, त्यांनाच ते गिऱ्हाईक दहा वर्षं जपून, माणसाळवून परत केलं.

मोठी गाडी शेवटी द्याच, पण उशिरा द्या आणि परक्याची द्या. 2000 ची एल मालिका जर्मनीच्या ओपेल व्हेक्ट्रावर बेतलेली, आणि बांधली स्प्रिंग हिलला नाही, तर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला. एसयूव्हीची अमेरिकाभर लाट आली, ती ओसरायची वाट बघितली का कुणास ठाऊक, पण व्ह्यू आली 2002 चं मॉडेल म्हणून. 2003 मध्ये एस मालिकेच्या जागी आयन. तिचे मीटर स्टिअरिंगसमोर नाहीत, डॅशबोर्डच्या मधोमध. स्पीड बघायला मान वळवा. रिले नावाची मिनीव्हॅन काढली, ती शेवरोलेच्या व्हॅनला वेगळं बोधचिन्ह चिकटवून. कामगारांबरोबरचा करारही हळूहळू इतरांसारखाच झाला.

आयनची एक गोष्ट मात्र थट्टेच्या बाहेरची आहे. इग्निशनचा स्विच ढिला होता. किल्लीच्या जुडग्याच्या वजनानं किंवा गुडघा लागून तो चालत्या गाडीत फिरायचा, इंजिन बंद पडायचं आणि धडकेत एअरबॅग उघडायच्या नाहीत. आयन बाजारात यायच्या आधीच, 2001 मध्ये, या स्विचची तक्रार कंपनीच्या कागदांवर आली होती. रिकॉल झाला 2014 मध्ये. हाच स्विच असलेली शेवरोले कोबाल्ट आणि इतर गाड्या धरून मृत्यूंचे 124 दावे भरपाईसाठी मान्य झाले. अठराशे गाड्या आख्ख्या बदलून देणारी कंपनी ती हीच.

पुढची पायरी नाजूक आहे. सगळं हाताबाहेर गेलं, की अचानक चांगल्या गाड्या द्या. 2007 चं मॉडेल म्हणून स्काय आली, दोन सीटची, उघड्या टपाची. आजही रस्त्यात दिसली तर मान वळते. ऑरा नावाच्या सेडानला त्या वर्षीचा नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. मग बेल्जियममध्ये बनलेली अ‍ॅस्ट्रा, आपल्याकडे नव्वदच्या दशकात ओपेलच्या नावानं जी आली होती तिच्या नंतरच्या पिढीतली. युरोमध्ये बांधायची आणि घसरत्या डॉलरमध्ये विकायची, असा तो धंदा. चालवायला या गाड्या छान, पण प्लॅस्टिकचे दरवाजे गेले, घरच्या कारखान्याची गाडी गेली. 2007 च्या मार्चमध्ये स्प्रिंग हिलमधून शेवटची सॅटर्न बाहेर पडली होती. जुन्या मालकाला शोरूममध्ये ओळखीचं काही उरलंच असेल तर ते विक्रेत्याचं हसू.

2009 च्या जूनमध्ये जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच आठवड्यात गाड्यांच्या विक्रीतले बडे उद्योजक रॉजर पेन्स्के यांची कंपनी सॅटर्न विकत घेणार असं जाहीर झालं. आता इथे सावध राहा, कारण असं कोणी भलं माणूस पुढे आलं तर पंचवीस वर्षांची मेहनत वाया जायची. सुदैवानं सौद्यात नाव आणि विक्रेते होते, कारखाना नव्हता. काही काळ जनरल मोटर्स गाड्या पुरवणार, पुढच्यांचं काय ते पेन्स्केंनी बघायचं. त्यांनी रेनॉशी बोलणी केली, रेनॉच्या संचालक मंडळानं नकार दिला आणि 30 सप्टेंबरला सौदा फिसकटला. वर्षभरानं, ऑक्टोबर 2010 मध्ये, उरलेसुरले विक्रेतेही आटोपले. शिकवणी उपयोगी पडली असावी. तळेगावच्या कारखान्याच्या वेळी याच कंपनीनं 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनही थांबवलं. पंचवीस वर्षं लावली नाहीत.

एवढं सगळं वाचूनही तुमचा जीव सॅटर्नवर गेलाच, आणि तिकडच्या कोण्या भाच्याकरवी जुनी घ्यायची ठरवली, तर एस मालिकेतली घ्या, हातानं गिअर टाकायची. दरवाज्याचा रंग तुकतुकीत दिसतोय म्हणून भुलू नका, प्लॅस्टिक आहे ते. वाकून खालच्या ब्रेकच्या नळ्या आणि सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारी चौकट, बघा, गंज तिथे लपलेला असतो. किमतीत घासाघीस करायला आता हरकत नाही. आणि पेट्रोल भरायला थांबलात की दर वेळी डिपस्टिक काढून ऑइल बघा.