चिवट केलेलं प्लॅस्टिक कुजत नाही, हे कुणी ठरवलं?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कुजणारं प्लॅस्टिक जात्याच ठिसूळ असतं, ठेवल्या जागी कुजायला लागतं, आणि मजबूत करायला गेलं की कुजायचंच थांबतं, म्हणजे सगळा दिखावा. शेवटी पुरावा म्हणून समुद्रात वर्षभर बुडवूनही न कुजलेल्या पीएलएच्या (लॅक्टिक आम्लापासून बनवलेल्या कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या) कापडाचा दाखला. दाखला खरा आहे, पण तो भलत्याच गोष्टीचा पुरावा आहे.

‘ठिसूळ असतं.’ पीएलएपुरतं मान्य. ते ताणलं तर मूळ लांबीच्या १० टक्केही न वाढता तुटतं. पण पीबीएटी हे दुसरं प्लॅस्टिकसुद्धा कुजणारंच आहे आणि ते लांबीच्या कित्येक पट ताणलं जातं. म्हणून अनेक कुजणाऱ्या पिशव्यांत या दोघांचं मिश्रण असतं. आता हे दोघे एकमेकांत विरघळत नाहीत. पीएलए जास्त असेल, तर त्यात पीबीएटीचे बारीक थेंब विखुरलेले राहतात. तडा जाऊ लागला की या थेंबांभोवतीचा भाग ताणला जातो, धक्क्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि तडा अडतो. थेंब मोठे झाले किंवा त्यांची पकड सुटली तर सगळं मुसळ केरात. म्हणून दोघांना सांधणारा तिसरा पदार्थ घालावा लागतो. पीएचबी या तिसऱ्या कुजणाऱ्या प्लॅस्टिकचा इलाज आणखी वेगळा. जिवाणू आपल्या पेशीत साठवतात तो हा पदार्थ, स्फटिकांनी खच्चून भरलेला आणि म्हणून ठिसूळ. त्याच्या रेणूच्या लांब साखळीत मध्येमध्ये वेगळ्या आकाराचे घटक गुंफले की स्फटिकांची शिस्त बिघडते आणि पदार्थ लवचीक होतो. जिवाणू तोही खातात.

‘ठेवल्या जागी कुजतं.’ शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके बघा. व्हिक्रिलचा टाका दोन आठवड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश ताकद राखून असतो आणि ५६ ते ७० दिवसांत शरीरात जिरून जातो. पॉलिडायॉक्सॅनोनच्या टाक्याला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. दोन्हींत तुटतो तो एस्टर बंधच (साखळीतले घटक जोडणारा दुवा), आणि तोडतं ते पाणीच. फरक पाणी त्या बंधापर्यंत किती सहज पोचतं याचा. आणि कोरड्या, बंद पाकिटात हेच टाके वर्षानुवर्षं शाबूत राहतात.

पीएलएचंही तसंच. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या साखळ्या जवळपास गोठलेल्या असतात, त्यामुळे विघटन अतिशय मंद चालतं. साखळीच्या टोकांचे आम्लगट विघटनाला वेग देतात. ती टोकं कार्बोडायइमाइड या रसायनाने बंद केली की पदार्थ आणखी टिकतो. (याच आम्लामुळे जाड तुकडा बाहेरून धड दिसत असताना आतून आधी पोखरला जातो.)

‘मजबूत केलं की कुजत नाही.’ मजकुराचा सगळा भार या वाक्यावर आहे. चिवटपणा ठरतो साखळ्यांची लांबी, त्यांचा गुंता आणि मिश्रणाची आतली रचना यांवर. कुजणं ठरतं साखळीतला बंध कोणता आणि त्याच्यापर्यंत पाणी किंवा एन्झाइम (बंध तोडणारं प्रथिन) पोचतं का, यावर. हे दोन वेगळे दोर आहेत. ते कधीकधी एकमेकांत अडकतात, हे खरं: साखळ्या एकमेकींना रासायनिकरीत्या घट्ट जोडल्या तर विघटन मंदावू शकतं, आणि न कुजणारं रबर मिसळलं तर तेवढं रबर मागे उरणारच. पण ती त्या त्या उपायाची किंमत आहे, निसर्गाचा नियम नव्हे. २०२१ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टिंग शू यांच्या गटाने एन्झाइमला पॉलिमरचं (लांब साखळीच्या रेणूंचं) संरक्षक वेष्टण देऊन ते थेट प्लॅस्टिकच्या आतच विखुरलं. वापरात असताना ते निपचित राहतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या कुजणाऱ्या प्लॅस्टिकची अशी फिल्म ४० अंशांच्या पाण्यात ठेवल्यावर एन्झाइम साखळीचं टोक पकडून ती उसवत गेलं, आणि काही दिवसांत जवळपास सगळी फिल्म लहान रेणूंत मोडली. कधी टिकायचं आणि कधी तुटायचं, दोन्ही आधीच ठरवून.

राहिला समुद्राचा दाखला. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पीएलएचं कापड ४२८ दिवस समुद्रात राहूनही कुजलं नाही. सेल्युलोजचे धागे मात्र महिन्याभरात कुजले. यातून पीएलएला समुद्र मानवत नाही एवढंच कळतं, चिवटपणाचा तिथे संबंध नाही. औद्योगिक कंपोस्टच्या चाचण्या ५८ अंशांच्या आसपास होतात, समुद्र तेवढा तापत नाही. तेव्हा एखाद्या पिशवीवर ‘समुद्रात कुजते’ असं छापून आधार मात्र कंपोस्ट चाचणीचा दिला असेल, तर तिथे मजकूर लिहिणाऱ्याचा राग मलाही रास्त वाटतो.