आज्यांना नव्हतं, मग तुम्हालाच कसं?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वन्संनी एक मेसेज पाठवला. तो तुमच्याकडेही आला असेल, कारण दर काही महिन्यांनी तो फिरून येतोच. त्यातला मजकूर थोडक्यात असा: पाळीच्या आधीची चिडचिड आणि रडारड हे हल्लीच्या मुलींचं खूळ आहे, थोडंफार सगळ्याच बायकांना होतं. आपल्या आज्या आठ-आठ बाळंतपणं काढून शेतात राबल्या, त्यांना नव्हतं, मग तुम्हालाच कसं? पूर्वी चार दिवस बाजूला बसायची विश्रांती होती. रक्त तपासून बघा, हार्मोन्स नॉर्मलच येतील. एक मूल झालं की आपोआप थांबतं. डॉक्टरांच्या गोळ्या वेडाच्या असतात, एकदा लागल्या की सुटत नाहीत. त्यापेक्षा निर्गुडीचा काढा घ्या, चहा-साखर सोडा, मन खंबीर करा.

तासाभरात माझ्या पुतणीचा वेगळा निरोप आला. "काकू, हे खरं आहे का?" ती 19 वर्षांची आहे, आणि कोणी उगाच असं विचारत नाही. म्हणून हे उत्तर तिच्यासाठी. वन्संसाठीही, कारण त्यांनी तो काळजीपोटीच पाठवला होता.

"थोडंफार सगळ्यांनाच होतं." खरं आहे. पाळीच्या आधी अंग जड होणं, छाती दुखणं, जरा चिडायला होणं बहुतेकींना माहीत असतं. पण 100 पैकी साधारण 3 ते 8 जणींना जे होतं ते वेगळंच असतं. त्याला पीएमडीडी म्हणतात, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, पाळीच्या आधी मन टोकाचं बिघडवणारा आजार. फरक किती, हे मी माझ्यावरून सांगते. एका संध्याकाळी कोथिंबीर निवडत होते. जुडीच्या आत सडकी पानं निघाली. त्यावर मी ओट्याला टेकून हुंदके देऊन रडले आणि मग ती जुडी भिंतीवर फेकून मारली. माझी आठ वर्षांची मुलगी एक शब्द न बोलता खाली बसून पानं वेचायला लागली. तिला सवय झाली होती, हे मला तेव्हा दिसलं. दोन दिवसांनी पाळी आली आणि झाकोळ सरावा तसं मन स्वच्छ झालं. कोथिंबीर तर दर आठवड्याला एखादी सडकी निघतेच.

"हल्लीचं खूळ." रॉबर्ट फ्रँक नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाळीच्या आधीच्या या ताणावर लेख लिहिला तो 1931 साली. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या सूचीत पीएमडीडी पूर्ण मान्यतेने आला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो आपल्या नव्या वर्गीकरणात घेतला. मान्यता उशिरा मिळाली, त्रास जुनाच आहे.

आता आज्यांचं. या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण तो ऐकून मीही कित्येक वर्षं गप्प बसले. 1950 च्या सुमाराला भारतात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा 2 आहे. दर मुलामागे नऊ महिने गरोदरपण, पुढे मूल अंगावर पीत असेपर्यंत बरेच महिने पाळी नाही, आणि ती सुरू होते न होते तोच पुन्हा दिवस राहिलेले. म्हणजे आजीच्या ऐन उमेदीतली दहा-बारा वर्षं बिनपाळीचीच गेली. जी पाळी आलीच नाही, तिच्या आधीचा त्रास होणार कसा? आणि जेव्हा यायची तेव्हा आजी खरंच शांत असायची का? माझ्या आजीला सात मुलं. आई सांगते, मधूनच दोन-चार दिवस असे यायचे की आजीच्या हातून भांडी वाजायला लागायची, एखादा पोरगा विनाकारण मार खायचा, आणि घरातली मोठी माणसं म्हणायची, "तिच्या वाटेला जाऊ नका आता." घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. आजीला मात्र कोणी विचारलं नाही, तुला काय होतंय गं म्हणून.

चार दिवसांच्या विश्रांतीचंही असंच. कावळा शिवला की बाजूला बसायचं, ते पाळी आल्यावर. हा त्रास येतो पाळीच्या आधीच्या आठवड्यात, आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत ओसरतो. बाई कोपऱ्यात जाऊन बसेपर्यंत तिचं सगळ्यात वाईट सरलेलं असायचं, आणि ते तिने चुलीपुढे उभं राहूनच काढलेलं असायचं.

"रक्त तपासा, हार्मोन्स नॉर्मल येतील." हो, येतात. माझेही आले, आणि रिपोर्ट हातात देताना मला ऐकवलं गेलं की काही नाहीये, जरा मन रमवा. मी पायऱ्या उतरताना स्वतःलाच खोटारडी ठरवलं. पण हार्मोन्स नॉर्मल असणं हेच या आजाराचं लक्षणीय अंग आहे. 1998 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग छापून आला. त्यात औषध देऊन बायकांचं हार्मोन्सचं चक्र तात्पुरतं थांबवलं, तेव्हा त्रास असलेल्या बऱ्याच जणींना बरं वाटलं. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रासही परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना हेच सगळं देऊन काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन्स सगळ्यांचे सारखेच, पण काही जणींचा मेंदू त्यांच्या चढउताराला वेगळा प्रतिसाद देतो. रक्ताच्या बाटलीत हे दिसत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर बघावं, कारण थकवा आणि उदासी तिथूनही येते.

मग हे दिसतं कशात? कॅलेंडरात. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले, जिथे दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनांत. रोज रात्री एक आकडा, 1 ते 6. 1 म्हणजे काही नाही, 6 म्हणजे टोक. बाजूला एक-दोन अक्षरं: र म्हणजे रडले, झो म्हणजे झोप नाही, आणि पाळीच्या दिवसांना लाल गोल. दुसरा महिना संपल्यावर मी दोन्ही पानं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. लाल गोलाच्या आधी पाच-सहा चौकोन 5 आणि 6 चे, गोलानंतर आठवडाभर नुसते 1. दोन्ही महिन्यांत तेच. डॉक्टरही निदानासाठी अशीच किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात, कारण मागचं आठवून सांगण्यात चूक होते. महिनाभर 4 आणि 5 दिसत असतील आणि पाळीआधी 6 होत असेल, तर मूळ नैराश्य असून ते त्या दिवसांत वाढतंय अशी शक्यता असते, आणि त्याचा उपचार वेगळा. "मन खंबीर करा" म्हणणाऱ्यांना मी हीच पानं दाखवते. मनाचाच कमकुवतपणा असता तर लाल गोलाच्या दुसऱ्या दिवशी तो कुठे जातो?

मूल झाल्यावर थांबतं म्हणे. गरोदरपणात थांबतं, पाळीच नसते म्हणून. ती परत आली की बहुतेक वेळा हेही परत येतं. रजोनिवृत्तीनंतर खऱ्या अर्थाने सुटका होते. औषध म्हणून कोणी मूल जन्माला घालू नये.

गोळ्यांची भीती मलाही होती. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही नैराश्यावरचीच औषधं आहेत, पण इथे ती वेगळ्या रीतीने लागू पडतात. नैराश्यात गुण यायला काही आठवडे जातात, पीएमडीडीमध्ये बऱ्याचदा काही दिवसांतच फरक पडतो. त्यामुळे पाळीच्या आधीचे साधारण चौदा दिवसच गोळी घ्यायची आणि पाळी आली की बंद, असंही देता येतं. महिन्यातले निम्मे दिवस जी गोळी घ्यायचीच नाही, ती न सुटणारी कशी? मळमळ होते, झोप बिघडू शकते, शरीरसंबंधांची इच्छा कमी होऊ शकते. हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं, आणि पूर्वी कधी अतिउत्साहाचे, बिनझोपेचे दिवस गेले असतील तर तेही सांगावं. काहींना ड्रोस्पिरेनोन नावाचं हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या उपयोगी पडतात, पण रक्तात गुठळी होण्याचा धोका बघूनच. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायच्या या गोष्टी नव्हेत.

काढ्याबद्दल एक घोटाळा समजून घ्या. पाळीआधीच्या त्रासावर युरोपात जिचा अभ्यास झाला ती वनस्पती निर्गुडीची बहीण आहे, निर्गुडी नव्हे. एकीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवता येत नाहीत. चहा कमी करणं, चालायला जाणं, झोप सांभाळणं याला माझा विरोध नाही, मी तिन्ही करते. कॅल्शियमचा थोडा फायदा दिसलाय, तोही सौम्य त्रासात. बी-6 जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने वाढवू नका, जास्त झालं तर नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात.

पुतणीला मी सांगितलंय, आज रात्रीपासून आकडा लिही, दोन महिन्यांनी पानं घेऊन आपण दोघी जाऊ. फक्त एक अपवाद. त्या दिवसांत मरणाचे विचार आले, आणि या आजारात ते येतात, तर दोन महिने थांबायचं नाही. त्याच रात्री मला उठवायचं. मी फोन उचलला नाही तर 14416, टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा मदतीचा नंबर. तो सरकारी आहे, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.