खुलासा : संगणक नसतानाही संगणनाचे धडे देता येतात
‘शाळेत संगणक नसतील, तर प्राथमिक वर्गांना संगणन शिकवताच येत नाही,’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात आकाराला आलेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ (सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, संगणकशास्त्र) उपक्रमातील धडे मुळात संगणकाविना शिकवण्यासाठीच रचलेले आहेत. १६, ८, ४, २ आणि १ ठिपक्यांची पाच कार्डे याच क्रमाने मांडून ८ आणि १ची उघडी ठेवली व बाकीची पालथी केली, की ९ ही संख्या होते आणि द्विमान पद्धतीत, म्हणजे संगणक वापरतो त्या फक्त ० आणि १ या अंकांच्या पद्धतीत, ती ०१००१ अशी लिहितात (उघडे कार्ड १, पालथे ०). मी हा धडा वर्गात घेतला, तेव्हा मुलांनी ३१पर्यंतच्या संख्या आपापल्या जुळवल्या. टंकलेखनासाठी यंत्र लागतेच, हेही खरे. मात्र त्या संदेशामुळे एखादी शाळा हा विषयच सोडून देईल, याची मला काळजी वाटते. म्हणून तो कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.